मेलेला कॅमेरा आणि तन्नूस शिंपी

बैरूतच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या त्राब्लुस शहरात ज्याचा एकही फोटो नाही असा एकच धडधाकट माणूस होता, तो म्हणजे तन्नूस शिंपी. आणि ही गोष्ट नखले फोटोवाल्याला जितकी टोचायची तितकी दुसऱ्या कुणालाच टोचत नसेल.

नखलेचा धंदाच तसा होता. संध्याकाळी तल चौकात, घड्याळाच्या मनोऱ्याखाली, लोक नटूनथटून फिरायला येत. नखले समोरून चालत यायचा, कॅमेरा डोळ्याला लावतोय न लावतोय तोच टिचकी वाजायची, आणि माणूस भानावर येईपर्यंत त्याच्या हातात चिठ्ठी पडलेली असायची. उद्या दुकानावर या, फोटो बघा, आवडला तर न्या. नाही नेला तर नखले तो दुकानाच्या काचेत लावायचा. जांभई देतानाचा, नाकात बोट घालतानाचा, दुसऱ्याच्या बायकोकडं बघतानाचा. मग माणूस धावत यायचा. नखलेची पंचेचाळिशी उलटली होती, पोट सुटलं होतं, पण चौकातल्या कुठल्याही खोडीचा माग काढत गेलं की पावलं त्याच्याच दारात येऊन थांबायची.

तन्नूस मात्र त्याला पुरून उरला होता. एकदा नखलेनं कोट उसवलाय म्हणून दुरुस्तीला टाकला, तर मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, तन्नूसनं उसवण शिवली आणि सोबत सगळे खिसेही शिवून दिले. टाके इतके बारीक की नखले दिवसभर खिशात हात घालायला जायचा आणि हात कापडावरून घसरून खाली यायचा. दुकानाची किल्ली आतल्या खिशात. शेवटी भर चौकात कोट काढून, दातानं टाका तोडत बसला. तन्नूस समोरच्या पायरीवर उभा राहून शांतपणे बघत होता.

फोटो न काढण्यामागं तन्नूसचा हिशोब साधा होता. त्याच्या थोरल्या भावानं छान कोट घालून, स्टुडिओत खुर्चीवर ताठ बसून फोटो काढून घेतला, आणि वर्षाच्या आत तोच फोटो काळी पट्टी लावून भिंतीवर गेला. मग त्याच्या गुरूचा. मग सासऱ्याचा. फोटोवाला काढतो, सुतार चौकट ठोकतो आणि कबर खणणारा फावडं धुऊन ठेवतो, असं तो म्हणायचा. तिघांची हातमिळवणी आहे. पहिल्यालाच दारात उभं केलं नाही की पुढचे दोघं येतच नाहीत.

त्यामुळे अबू फव्वाझच्या कॉफीखान्यात तो नखलेपासून जपून राहायचा. नखलेचा कॅमेरा जर्मन, जुना. त्याच्या भिंगाची नळी हातानं बाहेर ओढून पिळून बसवायची, तेव्हा तो बघायला लागतो. नळी आत ढकलली की झोपला. हे कॉफीखान्यात पोऱ्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नळी बाहेर असेल तर तन्नूस दोन खुर्च्या बाजूला सरकून बसायचा. नखले कॅमेरा कुठंही रोखू दे, दोन खुर्च्यांपलीकडचं त्यात येत नाही हे त्यानं पारखून ठेवलं होतं. आणि दोघं तावला, म्हणजे फासे-सोंगट्यांचा पटावरचा खेळ, खेळायला बसले, म्हणजे जवळजवळ रोज सकाळी, तर कॅमेरा अबू फव्वाझच्या गल्ल्यापाशी ठेवायचा, हा नियम. तावल्यात नखले हरायचा. कित्येक वर्षं हरत होता. फासे चांगले पडले तरी हरायचा. हे आपलं नशीबच, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

तर त्या वर्षी, पंचावन्न सालच्या सप्टेंबरात, तन्नूसची एकुलती एक मुलगी वर्दा दुपारच्या वेळी नखलेच्या दुकानात आली. तिचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं, नवरा कापडाच्या धंद्यासाठी पुढं ब्राझीलला गेला होता, आणि आता शनिवारी तिला बैरूतहून जहाज धरायचं होतं. ती काउंटरपाशी उभी राहिली, बराच वेळ काचेतले जांभया देणारे लोक बघत राहिली. मग म्हणाली की तिच्याजवळ आईचा फोटो आहे, आजीचा आहे, शेजारच्या मांजराचासुद्धा आहे, बापाचा नाही. जिथं जातेय तिथून परत येणं काही खरं नाही. बापाला विचारून झालं, रडून झालं, दोन दिवस न जेवून झालं. तो म्हणतो, माझा चेहरा आठवत नसेल तर आरशात बघ, नाक माझंच आहे.

नखलेला आतून गुदगुल्या झाल्या. जी शिकार इतकी वर्षं हुलकावणी देत होती तिचं आमंत्रण घरूनच आलं होतं. पण वर्दानं त्याचा चेहरा वाचला असावा, कारण ती काउंटरवर हात ठेवून, काकाला बजावावं तशी म्हणाली, "अम्मो, आधी शपथ घ्या. फोटो मी सोडून कुणी बघायचा नाही. काचेत नाही, कॉफीखान्यात नाही. मी जाईन, तो इथंच राहणार आहे. मी नसताना त्याचं हसं करायचं नाही."

नखलेनं शपथ घेतली. आपल्या मुलींच्या डोक्यावर हात ठेवून घेतली म्हणाला, मुली शाळेत होत्या तरी.

आता ह्या कामाला त्याच्याजवळ एक नवीन हत्यार होतं. शहराच्या मीना बंदरावर एका ग्रीक जहाजाच्या मेस्त्रीकडून त्यानं मनगटी घड्याळ आणि अरक दारूची बाटली देऊन एक भिंग घेतलं होतं. अठ्ठावीस मिलिमीटरचं, रुंद बघणारं. केवढंसं, तर तिळाच्या बिस्किटाएवढं. कॅमेऱ्यावर पिळून बसवलं की पुढं काही आलंय असं वाटतच नाही. त्यानं ते घेतलं होतं सणाच्या मिरवणुकीसाठी. जुन्या बाजाराच्या गल्ल्या अशा अरुंद की भिंतीला पाठ लावली तरी जुन्या भिंगात पाद्री आला की क्रूस यायचा नाही. ह्यात सगळं मावायचं. पाद्री, क्रूस, दोन्हीकडची दुकानं, वरच्या गच्चीतल्या बायका आणि सावध नसलं तर स्वतःचे बूटसुद्धा.

म्हणजे दोन खुर्च्यांपलीकडचा तन्नूसही मावणार. नखलेनं दुसऱ्याच सकाळी कॉफीखान्यात बसून, कॅमेरा भलतीकडं, अबू फव्वाझच्या सामोवारकडं रोखून, दोनचार फोटो काढले. तन्नूस दोन खुर्च्यांपलीकडं निवांत अर्गिले, म्हणजे हुक्का, ओढत होता. फोटो धुतला. तन्नूस आला होता, एका कडेला, हरभऱ्याएवढा. कडेला असल्यामुळं ताणलाही गेला होता, डोकं भोपळ्यासारखं आडवं. वर्दानं फोटो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"अम्मो, हा माझा बाप आहे की खुर्चीवर ठेवलेली धुण्याची टोपली?"

ह्या भिंगाचं मर्म नखलेला इथंच नडलं होतं. ते सगळं बघतं, पण जो लांब आहे त्याला आणखी लांब ढकलतं. माणूस हवा असेल तर त्याच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं. आणि फार जवळ गेलं तरी पंचाईत. घरी स्वयंपाकाच्या टेबलावर त्यानं बायकोला, हन्नेला, समोर बसवून बघितलं होतं. फोटोत नाक वांग्यासारखं आणि कान पाठीमागं गेलेले. हन्नेनं फोटो चुलीत घातला आणि त्या दिवशी जेवणात मीठ घातलं नाही. तेव्हा अंतर नेमकं हवं. तावल्याचा पट मध्ये आणि तन्नूस पलीकडं, एवढंच. वर्दानं बापाच्या दुकानातली मोजपट्टी आणून दिली. नखलेनं हन्नेला विनवून पुन्हा बसवलं, पट्टीनं मोजलं, भिंगावरचा काटा त्या अंतरावर ठेवला आणि तिथं चिकटपट्टीचा बारका तुकडा लावला, म्हणजे हलायला नको. एरवी त्या कॅमेऱ्यात काचेतल्या दोन सावल्या एकमेकींवर बसवून अंतर धरायचं असतं, त्यासाठी डोळा लावावा लागतो. आता डोळा लावायची गरजच नव्हती. कॅमेरा टेबलावर पडल्यापडल्या बघणार होता.

फक्त तन्नूसनं तो टेबलावर राहू द्यायला हवा.

बुधवारी सकाळी नखले कॉफीखान्यात आला तो तोंड पाडून. कॅमेरा गल्ल्यापाशी न ठेवता तसाच टेबलावर आपटला. तन्नूसनं लगेच खुर्ची मागं घेतली. नखले म्हणाला, उगाच दमू नका मुअल्लिम, तो मेला. नळी आत गेली ती बाहेरच येत नाही, स्प्रिंग तुटली. बैरूतला पाठवावा लागणार, आणि तिथले लोक काय, यंत्र बघायच्या आधी तुमचे बूट बघतात.

तन्नूसला विश्वास ठेवायचा नव्हता, पण आनंद लपवताही येत नव्हता. त्यानं कॅमेरा उचलला. त्या चपट्या भिंगाकडं बघितलं. नळी जिथं असायला हवी तिथं बोटांनी चिमटीत धरून ओढून बघितलं. कापडाच्या घडीतून हरवलेली टाचणी काढणारी बोटं ती, पण ओढायला काही असेल तर ना. कानाशी नेऊन हलवला. मग अबू फव्वाझला बोलावलं, त्यानंही ओढून बघितलं. जाणकारांचं एकमत झालं. मेलाय.

तन्नूसनं कॅमेरा परत टेबलावर ठेवला. शेजारी भिंगाचं झाकण पडलं होतं, ते त्यानं उचलून भिंगावर हळूच बसवलं.

"मेलेल्याचे डोळे मिटवावेत," तो म्हणाला. "एवढं तरी कुणीतरी शिकवायचं होतं तुला."

कॉफीखाना हसला. नखलेही हसला, जरा जास्तच. कारण सगळं जमून आलं होतं. त्यानं सिगारेटचं पाकीट कॅमेऱ्याच्या पुढच्या कडेखाली सरकवलं, म्हणजे तोंड थोडं वर, तन्नूसच्या छातीकडं. खिडकीतून सकाळचा उजेड पटावर पडत होता. सोंगट्या मांडल्या. तावल्यात सोंगटी ठेवत नाहीत, हाणतात, आणि त्या खाडखाड आवाजात कॅमेऱ्याची टिचकी कुणाच्या बापाला ऐकू येणार नव्हती. तन्नूसनं सोंगटी हाणली की नखलेचं बोट, कॉफी सांडू नये म्हणून जणू कॅमेऱ्यावर ठेवलेलं, हलकेच खाली जायचं.

पण दर फोटोनंतर वरची चावी फिरवून रीळ पुढं न्यावं लागतं, आणि मेलेल्या कॅमेऱ्याला कुणी चावी देत नाही. म्हणून नखले दर वेळी कॅमेरा काखेत मारून संडासाकडं जाऊन यायचा. तिसऱ्यांदा उठला तेव्हा तन्नूसनं विचारलं की मयताला सोबत कशाला नेतोस. नखले म्हणाला, टेबलावर सोडला तर तुम्ही खिसे शिवाल त्याचे. चौथ्यांदा परत आला तेव्हा समोर जिऱ्याचा काढा ठेवलेला होता. तन्नूसनं मागवला होता. म्हणाला, "पी. रात्री काय खाल्लंस त्याची शिक्षा आम्हाला नको."

नखले तावला हरला, काढा प्यायला आणि घरी गेला. दुपारी खिडकीवर घोंगडी टाकून रीळ धुतलं. रीळ काचेसारखं स्वच्छ निघालं. एकही फोटो नाही. तो ओल्या रिळाकडं बघत उभा राहिला, मग कॅमेऱ्याकडं बघितलं.

झाकण. तन्नूसनं मिटवलेला डोळा त्यानं उघडलाच नव्हता.

ह्या जातीच्या कॅमेऱ्याचा हा जुना रोग आहे. बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. झाकण लावलेलं असलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसतं, आणि नखले तर खिडकीतूनही बघत नव्हता. फुकट्या पोरांनी फोटोसाठी फार कटकट केली की तो मुद्दाम झाकण ठेवून टिचक्या मारायचा, पोरं खूश, रीळ वाचलं. आज ती युक्ती त्याच्यावरच उलटली होती, आणि वर जिऱ्याचा काढा.

वर्दाला त्यानं एवढंच सांगितलं की उद्या. तिनं विचारलं, उद्या नाही जमलं तर? शुक्रवारी बाप दुकान बंद ठेवून सामान बांधणार होता, कॉफीखान्यात येणार नव्हता. म्हणजे उद्याच.

गुरुवारी नखले गेला तेव्हा झाकण घरी राहिलं होतं. तन्नूसनं सगळ्यात आधी तेच विचारलं. नखलेनं सांगितलं की हन्नेनं मिठाच्या बरणीला लावलं, नेमकं बसलं. तन्नूसला हे पटण्यासारखं वाटलं. बायका तसं करतात.

त्या दिवशी तन्नूसचं खेळात लक्ष नव्हतं, असं वाटत होतं. तो बोलत होता. एरवी तो खेळताना एवढं बोलायचा नाही. वर्दासाठी त्यानं लोकरीचा कोट शिवला होता, त्याबद्दल बोलत होता. लोक म्हणतात ब्राझीलमध्ये थंडी नसते. अरे, पण जहाजावर असते की. आणि नवऱ्याच्या घरी पहिल्यांदा जाताना पोरगी कोटात गेली पाहिजे, तिथले लोक आधी खांदे बघतात, मग तोंड. खांदा कसा बसवलाय ते त्यानं उजव्या हातानं हवेत काढून दाखवलं. हात वर छतापर्यंत गेला, नखलेची नजर हाताबरोबर वर गेली, आणि त्याच वेळी बोट आपसूक खाली गेलं. टिचकी वाजली. त्या क्षणी सोंगटी कुणी हाणली नव्हती.

तन्नूस थांबला. कॅमेऱ्याकडं बघितलं. नखले बोटांनी टेबलावर टकटक करू लागला, जणू मघापासून तेच करत होता.

"फासे टाक," तन्नूस म्हणाला.

नखले त्यानंतर उठला नाही. दुसरी टिचकी मारायची हिंमतच झाली नाही. डाव हरला, नेहमीसारखा, आणि एकाच फोटोवर सगळी भिस्त ठेवून घरी आला.

फोटो तबकात हळूहळू वर आला. सगळ्यात आधी हात आला. डावा हात. पटाच्या अलीकडच्या कडेवर टेकवलेला, भिंगाच्या सगळ्यात जवळ, म्हणून पावाच्या लादीएवढा मोठा. त्याच्यामागं चेहरा. तोंड उघडं, भुवया वर, डोळे वर गेलेल्या उजव्या हाताकडं. कोटाचा खांदा सांगताना माणूस जसा दिसेल तसा, इतका जिवंत की नखलेनं तबकाकडं वाकून मान डोलावली. मग त्याची नजर परत त्या मोठ्या हाताकडं गेली. करंगळीकडं.

उजवा हात हवेत कोट शिवत होता. अख्ख्या कॉफीखान्याची नजर तिकडं. आणि डाव्या हाताची करंगळी वाकून, नखलेच्या एका सोंगटीला आकडा लावून, तिला हळूच एक घर मागं ओढत होती.

सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात. इथं इतकी वर्षं सोंगट्या निघत होत्या.

नखले खाली बसला. मग असा हसला की तबकं हिंदकळली. हन्नेला वाटलं खोकल्याची उबळ आली. ते सगळे हरलेले डाव, ते पाजलेले कॉफीचे पेले, ते नशीब. हा फोटो खिडकीएवढा मोठा करावा, अबू फव्वाझच्या दारावर टांगावा, खाली काही लिहायचीही गरज नाही. अशी खोडी माणसाला सुचत नाही, जन्मात एकदाच सापडते. आणि त्यानं शपथ घेतली होती.

वर्दा संध्याकाळी आली तेव्हा त्यानं दोन फोटो समोर ठेवले. एक कापलेला, फक्त चेहरा आणि खांदे. हा न्यावा असं त्यानं सुचवलं, कारण हात भिंगामुळं वेडावाकडा मोठा आलाय, शोभत नाही. वर्दानं कापलेला बाजूला सारला. पूर्ण फोटो उचलला. तिनं अंगठ्यानं तो मोठा हात झाकून बघितला, मग अंगठा काढला.

"हे तो घरीही करतो," ती म्हणाली. "माझ्याशी खेळताना. करंगळी हलली की मला कळायचं, आज स्वारी खुशीत आहे. आई गेल्यावर वर्षभर नाही हलली."

तिनं मग रिळाचा तो तुकडा मागितला. नखले म्हणाला की शपथ घेतलीय ना. ती म्हणाली, घेतलीय, म्हणूनच मागतेय, तुमच्या हाताला रोज खाज सुटेल. त्यानं कात्रीनं तुकडा कापून दिला. कात्री चालवताना स्वतःचं बोट कापल्यासारखं तोंड केलं.

शनिवारी मोटार चौकातून निघाली. नखले मनोऱ्याखाली होता, पण कॅमेरा काढला नाही. वर्दानं तो लोकरीचा कोट भर उन्हात अंगात घातला होता. तन्नूस मोटारीपाशी चौकाकडं पाठ करून उभा होता, आणि मोटार गेल्यावरही तसाच उभा राहिला.

बरेच दिवस तो कॉफीखान्यात आला नाही. अबू फव्वाझनं पट वर फळीवर ठेवून दिला. नखले इतरांशी खेळून बघत होता, त्यांच्याशी जिंकायचा, पण त्यात काही चव नव्हती. मग एका सकाळी तन्नूस आला, जणू कालच उठून गेला होता, आणि आपल्या खुर्चीत बसला. पट मागवला. नखलेचा कॅमेरा टेबलावर होता, बिस्किटाएवढ्या भिंगाचा.

"बैरूतला नाही पाठवलास?"

"मेलेल्याला कुठं पाठवू, मुअल्लिम."

तन्नूसनं सोंगट्या मांडल्या. एक एक, नीट. मग पटाकडं बघतच बोलू लागला. म्हणाला की निघायच्या आदल्या दिवशी कोटाला शेवटची इस्त्री करत होता. अस्तराला काखेपाशी एक शिवण दिसली. टाका बरा होता, पण त्याचा नव्हता. त्यानं शिवलेल्या अस्तराला दुसऱ्या कुणाचा टाका लागला तर त्याला तो अंधारातही हाताला लागतो, आणि हा टाका तर त्यानंच तिला शिकवलेला, सहा वर्षांची असताना.

नखलेनं फासे हातात धरून ठेवले.

"उसवलं," तन्नूस म्हणाला. "आत फोटो. बघितला. परत शिवलं, माझ्या टाक्यानं. तिला अजून ठाऊक नाही." त्यानं डावा हात उलटसुलट करून बघितला. "माझा हात एवढा मोठा आहे का रे?"

"भिंगाच्या जे जवळ ते मोठं येतं."

"आणि करंगळी?"

"तीही जवळच होती."

तन्नूसनं मान हलवली. नखलेला राहवेना. त्यानं विचारलं की मग फाडला का नाही. फोटो म्हणजे काळी पट्टी, चौकट, फावडं, असं तुम्हीच सांगायचात ना.

तन्नूसनं पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या मिशीच्या टोकाला काहीतरी हललं. "भिंतीवर जातो तो माणूस कसा असतो? ताठ बसलेला, हात मांडीवर, जन्मात कधी खोटं बोलला नाही असा. सोंगटी चोरणाऱ्याला काळी पट्टी कोण लावेल? पाद्री तरी येईल का? तसल्या फोटोनं माणूस मरत नाही." त्यानं नखलेकडं बोट केलं. "आणि तो काचेत लागला नाही, तेव्हाच कळलं मला की तिनं तुला शपथ घातलीय. फासे टाक आता."

नखलेनं फासे टाकले. खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की तन्नूसचा डावा हात पटावर नाहीय. तो मांडीवर आहे, मूठ वळलेली, करंगळी मुठीच्या आत. आणि दर खेळीआधी तन्नूसची नजर क्षणभर त्या चपट्या भिंगाकडं जाऊन येतेय.

पहिला डाव नखले जिंकला. अबू फव्वाझ गल्ला सोडून आला आणि पट दोन्ही बाजूंनी बघून गेला. दुसरा डावही नखले जिंकला. तन्नूस म्हणाला, नशीब. नखले म्हणाला, नशीबच.

तिसऱ्या डावाआधी नखले उठला, कॅमेरा काखेत मारला आणि संडासाकडं गेला. दार लावून आत थोडा वेळ नुसताच उभा राहिला. चावी फिरवायची नव्हती. कॅमेऱ्यात रीळच नव्हतं, पण ते तन्नूसला कुठं ठाऊक. बाहेर येऊन त्यानं कॅमेरा होता तिथं ठेवला, सिगारेटचं पाकीट पुढच्या कडेखाली सरकवलं आणि समोर आलेला जिऱ्याचा काढा निमूटपणे प्यायला.